याकोबाचें कपट

प्रत्येक राष्ट्र आपल्या मूळ पुरुषाची कथा सांगतांना त्याला थोडें उंच करून सांगतें. ज्याच्यावरून वंशाचें नांव पडलें तो पुरुष शूर असावा, सत्यवचनी असावा, निदान त्याच्या हातून घडलेल्या वाईट गोष्टींवर काळानें पडदा तरी टाकलेला असावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरूनच आहे. इब्री लोकांचा प्राचीन धर्मग्रंथ या बाबतींत मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे. ज्याच्या दुसऱ्या नांवावरून ते लोक स्वतःला इस्राएल म्हणवितात, तो याकोब ‘उत्पत्ती’च्या पुस्तकांत प्रथम दिसतो तो जुळ्या भावाची टांच धरून जन्मास येतांना. पुढें तो भुकेल्या भावाकडून वडीलपणाचा हक्क विकत घेतो, आंधळ्या बापाला फसवून त्याच भावाच्या वांट्याचा आशीर्वाद लाटतो, सासऱ्याचे कळप युक्तीनें आपलेसे करतो, आणि सासरा लोकर कातरण्यास गेला असतां बायकामुलें व गुरेंढोरें घेऊन न सांगतां चालता होतो. ग्रंथकार यांतलें कांहींहि लपवीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर यांतील एकाहि कृत्याच्या शेवटीं तो याकोबास दोष देणारा एक शब्द स्वतःच्या तोंडानें उच्चारीत नाहीं.

या मौनाचें काय करावयाचें, हा प्रश्न टीकाकारांना शतकानुशतकें छळीत आलेला आहे. श्रद्धाळूंनीं तें आपल्या शब्दांनीं भरून काढलें. एसाव शिकारीहून परतल्यावर इसहाक त्याला सांगतो कीं, तुझा भाऊ कपटानें येऊन आशीर्वाद घेऊन गेला. मूळांत येथें ‘मिर्मा’ असा कपटवाचक स्वच्छ शब्द आहे. ओंकेलोसाच्या आरामी भाषांतरांत त्याचें ‘शहाणपण’ होऊन बसलें. फ्रान्समधील थोर यहुदी भाष्यकार राशी (१०४०–११०५) याची तोड तर याहून सूक्ष्म. बापानें तूं कोण म्हणून विचारल्यावर याकोब जें उत्तर देतो त्याचे राशी दोन तुकडे पाडतो: जेवण आणणारा तो मी, आणि एसाव हा तुझा थोरला मुलगा. तुकडे पाडले कीं दोन्ही वाक्यें खरीं! अश्वत्थाम्याच्या मरणाविषयीं धर्मराजानें काय व कसें सांगितलें हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही वकिली अगदींच परकी वाटणार नाहीं. मात्र महाभारतकारानें धर्मराजाचा अधांतरीं चालणारा रथ त्याच क्षणीं जमिनीस टेकविला, राशीनें तसें कांहीं होऊं दिलें नाहीं. ख्रिस्ती पंथांतहि हीच तऱ्हा. असत्याविरुद्ध खास ग्रंथ लिहिणाऱ्या संत ऑगस्टीनानें, कोणत्याहि कारणास्तव खोटें बोलूं नये असें बजावीत असतांनाच, याकोबाला तेवढा मोकळा सोडला. अंगावर घेतलेलीं करडांचीं कातडीं म्हणजे दुसऱ्यांचीं पापें वाहणाऱ्या ख्रिस्ताचें पूर्वचिन्ह. तेव्हां हें कृत्य असत्याच्या सदरांतच येत नाहीं, असा त्याचा निर्वाळा. रूपकाच्या पाण्यांत बुडविलें म्हणजे कोणतेंहि वस्त्र शुभ्र निघतें.

श्रद्धाळूंनीं जें धुवून काढलें तेंच द्वेष्ट्यांनीं झेंड्यासारखें उंचावून धरलें. शेक्सपिअरच्या ‘व्हेनिसचा व्यापारी’ या नाटकांत शायलॉक आपल्या व्याजबट्ट्याच्या समर्थनार्थ लाबानाच्या मेंढरांची हीच कथा सांगतो, आणि समोरच्या ख्रिस्ती व्यापाऱ्याला त्यांत सैतानाचा शास्त्राधार दिसतो. त्या नाटककारानें निदान दोन्ही बाजू रंगभूमीवर तरी आणल्या. पुढें असीरियाच्या प्राचीन लेखांचा गाढा जर्मन पंडित फ्रीडरिख डेलिच यानें १९२० व १९२१ सालीं दोन भागांत ‘महान फसवणूक’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ काढून जुना करार हा ख्रिस्ती मनुष्यानें टाकून देण्याच्या लायकीचा आहे असें प्रतिपादन केलें. ज्या देशांत हा ग्रंथ निघाला त्या देशांत १९३३ ते १९४५ या काळांत यहुद्यांचें काय झालें, तें सांगावयास नको. एका पुस्तकानें तें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. पण एखादा समाज आपल्या पूर्वजाचे दोष प्रामाणिकपणें लिहून ठेवतो, आणि त्याचाच प्रामाणिकपणा पुढें त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला जातो, ही गोष्ट केवळ वाङ्मयीन कुतूहलाची राहत नाहीं. याकोबाची कथा नीट वाचणें म्हणजे या दोन्ही पक्षांच्या तावडींतून ती सोडविणें होय.

तिसरा पक्ष पंडितांचा. हेर्मान गुंकेल यानें १९०१ सालीं ‘उत्पत्ती’वर जें भाष्य प्रसिद्ध केलें, त्यांत या कथा मूळच्या लोककथा आहेत आणि धनगरांनीं त्या हंसत हंसत एकमेकांना सांगितल्या असाव्यात, असें त्यानें दाखवून दिलें. तंबूंत राहणारा हुषार मेंढपाळ रानांतल्या आडदांड शिकाऱ्याला बनवितो, यांत ऐकणाऱ्या मेंढपाळांना मजा वाटणारच. अलीकडे, १९८७ सालीं, सूझन निडिच या विदुषीनें हाच धागा पुढें नेऊन ठक हा दुर्बळाचा नायक असतो, असें मांडलें. धाकटा भाऊ, बाई, परदेशीं चाकरी करणारा निर्वासित यांच्या हातीं दुसरें शस्त्र नसतें, म्हणून ते युक्ति वापरतात. यांत तथ्य पुष्कळ आहे. इजिप्तमधील ज्या सुइणींनीं फारोला थाप मारून इब्री मुलगे वांचविले, त्यांचें देवानें भलें केलें असें ग्रंथ उघड सांगतो. पण हा उलगडा याकोबाच्या मुख्य अपराधापाशीं येऊन अडतो. कारण तेथें फसला जाणारा फारो नाहीं. मृत्यु जवळ आला असें समजून अंथरुणावर पडलेला, डोळ्यांनीं अधू झालेला बाप आहे.

तो प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. इसहाक थोरल्या मुलाला शिकार करून आणावयास सांगतो. रिबका तें ऐकते. तिच्या बाजूनें एक गोष्ट खरी कीं, जुळीं पोटांत असतांना थोरला धाकट्याची चाकरी करील असें भाकीत तिला झालें होतें. तें तिनें नवऱ्याला सांगितल्याचें मात्र कोठेंच नाहीं. शिवाय देवाचें वचनच असेल तर त्याला करडांच्या कातड्यांची मदत कां लागावी, हा प्रश्न वाचकाच्या मनांत राहतोच, आणि ग्रंथकार तो राहूं देतो. याकोब कचरतो, परंतु कशाला? बापाला फसविणें वाईट म्हणून नव्हे. एसावाचें अंग केसाळ, माझें गुळगुळीत. हात लावला तर उघडकीस येईल आणि आशीर्वादाऐवजीं शाप पदरीं पडेल, एवढीच त्याची अडचण. आई शाप आपल्या शिरावर घेते, आणि मुलाची सद्सद्विवेकबुद्धि तेवढ्यानें शांत होते. मग ती करडें शिजवून शिकारीसारखी चव आणते, एसावाचीं ठेवणींतलीं वस्त्रें याकोबाला नेसविते, आणि कातडीं हातांवर व मानेवर बसविते. नंतर सुरू होते ती आंधळ्याची चौकशी. इतक्या लवकर शिकार कशी मिळाली, असें तो विचारतो. आणि येथें याकोब जें करतो तें मला साऱ्या प्रकरणांत सर्वांत ओंगळ वाटतें: तुझ्या देवानेंच ती माझ्यासमोर आणली, असें तो सांगतो. थापेला देवाची साक्ष! म्हातारा त्याला जवळ बोलावून चांचपतो. कान खरें सांगतात, आवाज याकोबाचा आहे, हात खोटें सांगतात, जीभ फसलेली, शेवटीं चुंबन घेतांना नाकालाहि एसावाच्या वस्त्रांचा रानवट वास येतो. चार साक्षींपैकीं एकच खरी, आणि म्हातारा बहुमतानें निकाल देतो.

निकालानंतर एसाव येतो. इसहाक थरथर कांपतो. आणि हा रांगडा शिकारी, ज्याला आपण आतांपर्यंत हंसत होतों, तो मोठ्यानें आक्रोश करून बापाला विचारतो कीं, तुमच्यापाशीं काय एकच आशीर्वाद होता? पूर्वीं डाळीच्या आमटीसाठीं हक्क विकतांना लेखकानें एसावाला चांगलेंच हास्यास्पद केलें होतें. तेथें तो खातो, पितो, उठतो, जातो आणि हक्काला तुच्छ लेखतो, अशीं पांच क्रियापदें एकामागून एक फेकून दिलीं आहेत. विशेष म्हणजे तेथें ग्रंथकाराचा निवाडा आहे, पण तो एसावावर! म्हणजे या लेखकाला दोष देतां येत नव्हता असें नाहीं. आशीर्वादाच्या प्रसंगीं मात्र तो निवाडा करीत नाहीं. तो फक्त फसलेल्यांचें रडणें आपल्याला ऐकूं येईपर्यंत थांबतो. गुंकेलचे धनगर येथें हंसत होते असें कोणी म्हटलें तर माझा त्यावर विश्वास बसणार नाहीं.

हा लेखक न्याय करतो, पण वाक्यानें करीत नाहीं; वस्तूंनीं आणि शब्दांच्या पुनरावृत्तीनें करतो. याकोब भावाच्या रागाला भिऊन मामाकडे, हारानास जातो. थोडे दिवस तिकडे राहा, असें रिबका त्याला सांगते. तेथें तो राहेलीच्या प्रेमांत पडून तिच्यासाठीं सात वर्षें चाकरी करतो, आणि प्रेमामुळें तीं त्याला थोड्या दिवसांसारखीं वाटतात. दोन्ही ठिकाणीं मूळ इब्री शब्द तेच आहेत, ‘यामीम अहादीम’. आईचे थोडे दिवस मुलाच्या प्रेमाच्या थोड्या दिवसांत कसे विरून गेले! ते थोडे दिवस वीस वर्षें झाले, आणि आई व मुलगा पुन्हा भेटल्याचें ग्रंथांत नाहीं. रिबकेच्या दाईच्या मृत्यूची नोंद आहे, रिबकेच्या मृत्यूच्या प्रसंगाची नाहीं. शाप अंगावर घेणारीचा हिशेब असा एका अक्षराशिवाय चुकता झाला.

सात वर्षांनंतरची लग्नाची रात्र सर्वांना ठाऊक आहे. अंधारांत राहेलीऐवजीं थोरली लेआ तंबूंत पाठविली जाते, आणि उजाडल्यावर याकोब लाबानाला विचारतो कीं, मला कां फसविलें? त्यानें वापरलेलें क्रियापद इसहाकाच्या ‘मिर्मा’ या शब्दाच्याच धातूचें आहे. लाबान शांतपणें उत्तर देतो कीं, थोरलीच्या आधीं धाकटीला देण्याची चाल आमच्या गांवीं नाहीं. त्या ‘आमच्या गांवीं’मध्यें केवढी टोंचणी आहे! लाबानाला कदाचित् ती ठाऊकहि नसेल. याकोबाला आणि वाचकाला ती ठाऊक आहे. दिसूं न शकणारा पुरुष, आणि त्याच्यापुढें भावंडाच्या जागीं आलेलें दुसरें भावंड: प्रसंग तोच, फक्त या वेळीं आंधळ्याच्या जागीं याकोब आहे. प्राचीन यहुदी कथाकारांना हें इतकें स्पष्ट दिसलें होतें कीं, त्यांनीं येथें एक भांडण रचून घातलें. रात्रभर राहेल म्हणून हांक मारली तेव्हां तूं ओ कां दिलीस, असें याकोब रागानें विचारतो. तुमच्या बापानें एसाव म्हणून हांक मारली तेव्हां तुम्हीं ओ दिली नव्हती का, असें लेआ उलट विचारते. राशीच्या वकिलीपेक्षां ही एक चुणूक मला अधिक मोलाची वाटते.

तरीहि या न्यायाला न्याय म्हणतांना जीभ अडखळते. याकोबाला शिक्षा झाली खरी, पण ती भोगली कोणी? नावडती म्हणून जन्म काढला लेआनें. ती मुलगा झाला कीं त्याचें नांव ठेवतांना आतां तरी नवरा आपला होईल अशी आशा करते, आणि ती आशा दर मुलागणिक पुढें ढकलली जाते. ज्यांना या कथांत पापाची व फळाची तराजूसारखी समतोल मांडणी दिसते, त्यांनीं लेआच्या मुलांचीं नांवें एकदां वाचावींत.

मेंढरांचें प्रकरण याच्या मानानें हलकें आहे. लाबान या नांवाचा अर्थ पांढरा. याकोब ज्या झाडांच्या छड्या सोलून त्यांचा पांढरा गाभा उघडा करतो, त्यांतल्या एकाचें नांवहि ‘लिब्ने’ असें त्याच धातूचें आहे. पांढऱ्याला पांढऱ्यानेंच जिंकलें, अशी ही कोटि. त्या छड्यांसमोर कळप माजावर आले म्हणजे ठिपक्यांचीं व पट्ट्यांचीं पिलें होतात, हें पशुशास्त्र अर्थातच आज कोणी मानणार नाहीं. लक्ष वेधून घेते ती वेगळीच गोष्ट. आपल्या बायकांना ही भरभराट कशी झाली तें सांगतांना याकोब छड्यांचें नांवहि काढीत नाहीं. स्वप्नांत देवदूतानें दाखविलें, देवानेंच तुमच्या बापाचें धन माझ्या हातीं दिलें, असें सांगतो. संशोधक म्हणतात कीं, येथें दोन निराळ्या परंपरा जोडल्या गेल्या आहेत. तसें असेलहि. पण ज्या रूपांत ग्रंथ आपल्या हातीं आहे त्यांत, बापाला शिकारीविषयीं देवाची साक्ष देणारा तोच मनुष्य पुन्हा बोलतो आहे, हें कानाला जाणवल्याशिवाय राहत नाहीं. आणि जोड लावणाऱ्या हाताला तें जाणवलें नसेल, असें मानण्याचें कारण काय?

येथें थोडें भाषांतराविषयीं बोललें पाहिजे. या कथा मराठींत नव्या नाहींत. फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला खंड जुन्या करारावरच आहे, कोंकणांतल्या बेने इस्राएल समाजानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या पूर्वजांचीं आख्यानें मराठी कीर्तनांतून लावलीं, पंडिता रमाबाईंनीं तर मूळ भाषांवरून भाषांतर करण्यांत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं. पण मूळाची जी मुख्य शक्ति, एकच शब्द दूरदूरच्या ठिकाणीं पुन्हा वाजविण्याची, ती सुबक भाषेच्या नादांत सहज हरवते. वडीलपणाचा हक्क म्हणजे ‘बखोरा’ आणि आशीर्वाद म्हणजे ‘बराखा’: दोन व्यंजनांची जागा बदलली कीं एकाचें दुसरें होतें, आणि एसाव आपल्या दुःखाच्या भरांत हीच कोटि करतो. ‘याकोब’ या नांवांतहि टांच आहे आणि टांच मारून पाडणेंहि आहे. हें मराठींत उतरणार नाहीं, आणि उतरविण्याचा अट्टाहासहि करूं नये. परंतु जेथें मराठीला तोच शब्द पुन्हा वापरतां येतो तेथें तरी तो बदलूं नये. पुढचें उदाहरण याच जातीचें आहे.

इसहाकानें हात चांचपून पाहिले, पण त्याला ‘ओळखूं आलें’ नाहीं. पुष्कळ वर्षांनीं याकोबाचे मुलगे योसेफाला विकतात, करडूं मारून त्याच्या रक्तांत योसेफाचा अंगरखा बुडवितात, आणि बापापुढें ठेवून म्हणतात कीं, हा तुमच्या मुलाचा आहे कीं नाहीं तें ‘ओळखून पाहा’. इब्रींत ‘हक्केर-ना’. पुन्हा करडूं, पुन्हा भावाचें वस्त्र, पुन्हा फसलेला बाप. कला मात्र एक पिढी पुढें गेली आहे. याकोबाला स्वतःच्या तोंडानें खोटें बोलावें लागलें होतें. त्याचे मुलगे योसेफाच्या मरणाविषयीं एकहि खोटें वाक्य उच्चारीत नाहींत. दुष्ट श्वापदानें त्याला फाडलें, हें खोटें म्हातारा स्वतःच बोलतो. मग लगेच पुढच्या प्रकरणांत, योसेफाला विकण्याची सूचना ज्यानें केली होती तो यहूदा आपल्या विधवा सुनेला, तामारेला, शब्द देऊन फसवितो. ती तोंडावर बुरखा घेऊन वाटेवर बसते. करडूं पाठवितों असें कबूल करून तो तिच्याजवळ आपली मुद्रा, दोरा व काठी गहाण ठेवतो. ती गरोदर असल्याचें कळतांच तो तिला जाळावयास काढतो, तेव्हां ती त्याच्याच वस्तू पुढें करून म्हणते: ‘हक्केर-ना’. भावांनीं बापावर टाकलेला शब्द जसाच्या तसा यहूदावर येऊन पडतो. मिद्राशकारांनीं ही जुळणी पूर्वींच टिपली होती; १९८१ सालीं रॉबर्ट ऑल्टर यानें बायबलांतील कथनकलेवरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभींच तिचा असा कांहीं उलगडा केला कीं, तामारेचें प्रकरण योसेफाच्या कथेंत चुकून शिरलेलें ठिगळ आहे असें म्हणणाऱ्यांना पुनर्विचार करावा लागला.

या फसविणाऱ्यांत तामारेचें स्थान निराळें आहे. तिच्या कपटानें कोणाचें कांहीं हिरावलें गेलें नाहीं. जें तिचें होतें तेंच तिनें वसूल केलें, आणि सर्व लोकांसमोर आरोप न करतां वस्तू तेवढ्या पाठवून दिल्या. यहूदाहि त्या क्षणीं याकोबाच्या घराण्यांत पूर्वीं कोणींच न केलेली गोष्ट करतो. माझ्यापेक्षां तिचीच बाजू न्यायाची, असें तो कबूल करतो. म्हणजे ज्या कथामालेंत ग्रंथकार निवाडा करीत नाहीं, तेथें एका पात्रानेंच तो स्वतःवर केला.

स्त्रियांच्या कपटाचीं आणखी उदाहरणें देतां येतील. राहेल बापाच्या कुळदेवांच्या मूर्ति चोरून उंटाच्या खोगिरांत घालून त्यांवर बसते, आणि विटाळाचें निमित्त सांगून उठत नाहीं. मीखल नवऱ्याला, दावीदाला, खिडकींतून उतरवून अंथरुणावर मूर्ति निजविते व तिच्या डोक्याशीं बकऱ्याचे केंस ठेवते. येथेंहि बकरा आलाच! दोघींनींहि बापाला फसविलें, दोघींनाहि ग्रंथानें दोष दिला नाहीं. पण तोच दावीद राजा झाल्यावर काय होतें पाहा. उरीयाच्या बायकोशीं त्याचा संबंध येतो, तो झांकण्यासाठीं आधीं तो उरीयाला घरीं पाठविण्याच्या युक्त्या करतो, आणि त्या फसल्यावर त्याच्याच हातीं त्याच्या मृत्यूचें पत्र देऊन त्याला रणांगणावर धाडतो. एवढी कथा झाल्यावर इतका वेळ मुका असलेला निवेदक एकदम बोलतो: दावीदाचें हें कृत्य देवाला आवडलें नाहीं. निडिचबाईंचा सिद्धांत येथें उलट बाजूनें खरा ठरतो. दुर्बळाच्या युक्तीपुढें ग्रंथ गप्प बसतो. सत्ताधाऱ्याच्या युक्तीपुढें तो गप्प बसत नाहीं. मग याकोब या दोहोंपैकीं कोण? बापासमोर तो दुर्बळ धाकटा होता. पण आंधळ्यासमोर तो डोळसहि होता. म्हणूनच बहुधा त्याच्याविषयीं मौनहि आहे आणि वीस वर्षांची वसुलीहि आहे.

ती वसुली यब्बोक नदीच्या कांठीं एका रात्रीं टोंकाला पोंचते. एसाव चारशें माणसें घेऊन येत असल्याचें कळल्यावर याकोब त्याच्यासाठीं कळपांमागून कळप भेट म्हणून पुढें पाठवितो. शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढविणी अशीं पिलें न धरतां ५५० जनावरें मोजून दिलेलीं आहेत. भीतीचा एवढा तपशीलवार आंकडा अन्यत्र क्वचितच सांपडेल. रात्रीं अनोळखी पुरुषाशीं झोंबी होते, पहाटे तो पुरुष विचारतो, तुझें नांव काय? आशीर्वाद मागणाऱ्या या माणसाला पूर्वींहि एकानें तूं कोण म्हणून विचारलें होतें, आणि त्यानें एसाव असें सांगितलें होतें. या वेळीं तो याकोब असें सांगतो. एक शब्दाचें उत्तर. पण नांवाचा अर्थ लक्षांत घेतां तो कबुलीजबाबच आहे. त्यानंतरच त्याला नवें नांव मिळतें, आणि मांडी लचकल्यामुळें तो लंगडत निघतो. सकाळीं भावापुढें तो सात वेळां जमिनीपर्यंत लवतो. भावांनीं तुझ्यापुढें लवावें, असें जें चोरलेल्या आशीर्वादांत होतें, त्याच्या हें बरोबर उलट! एसाव भेट नको म्हणतो तेव्हां आग्रह करतांना याकोबाचा शब्द बदलतो. आधीं तो भेट म्हणत होता; आतां म्हणतो माझा ‘बराखा’ घे. चोरलेली वस्तु तो नांवानिशीं परत करीत आहे. ऑएरबाख यानें १९४६ सालीं होमर व बायबल यांची तुलना करतांना दाखविलें कीं, होमर सारें उजेडांत आणतो आणि इब्री कथाकार पात्रांचीं मनें अंधारांत ठेवतो. त्यानें उदाहरण अब्राहामाचें घेतलें. याकोबाच्या या एका शब्दावरहि तोच सिद्धांत उभा राहिला असता.

येथें थांबलें तर पश्चात्तापाची गोड कथा होईल, आणि शाळेंतल्या मुलांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें बहुधा येथेंच थांबतात. मूळ ग्रंथ थांबत नाहीं. एसाव बरोबर चल म्हणतो. मुलें लहान आहेत, गुरें व्यालेलीं आहेत; तूं पुढें हो, मी हळूहळू सेईराला येतों, असें याकोब सांगतो. एसाव सेईराकडे जातो, आणि याकोब सुक्कोथाला जाऊन घर बांधतो. सेईराला तो गेल्याचें कोठेंहि नाहीं. नांव बदललें, माणूस तेवढा बदलला नाहीं. आणि नवें नांव मिळाल्यावरहि ग्रंथ त्याला वारंवार जुन्याच नांवानें हांक मारतो. पुढच्याच प्रकरणांत त्याचे मुलगे शेखेमच्या लोकांशीं ‘मिर्मा’नें बोलतात आणि सबंध शहर कापून काढतात; शब्द पुन्हा तोच, फक्त आतां त्याला रक्ताचा वास येतो.

या ग्रंथाला आपल्या पूर्वजाचा अभिमान नव्हता असें नाहीं, पण तो आंधळा नव्हता. होशेय हा संदेष्टा आपल्या काळच्या लोकांना दोष देतांना, यानें गर्भांतच भावाला टांच मारली, अशी याकोबाची आठवण देतो. यिर्मया तर त्या नांवाचेंच क्रियापद करून प्रत्येक भाऊ दुसऱ्याला फसवितोच असें म्हणतो. डेलिचसारख्यांनीं जो आरोप मोठ्या धाडसाचा शोध म्हणून मांडला, तो त्याच ग्रंथांत, त्याच लोकांच्या संदेष्ट्यांनीं, कितीतरी शतकें आधीं आपल्याच लोकांवर ठेवलेला आहे. फरक इतकाच कीं संदेष्टे तो स्वतःकडे बोट वळवून बोलत होते.

अखेरीस इजिप्तमध्यें फारो वय विचारतो, तेव्हां १३० वर्षांचा याकोब माझे दिवस थोडे आणि वाईट गेले असें सांगतो. पुढें तो अंथरुणाला खिळतो. म्हातारपणानें त्याचेहि डोळे अंधुक झाले आहेत. योसेफ आपले दोन मुलगे घेऊन येतो, आणि आजाच्या उजव्या हाताशीं थोरला व डाव्या हाताशीं धाकटा येईल असे उभे करतो. म्हातारा हातांची अढी घालून उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. बापाला दिसत नाहीं, चूक होत आहे, असें समजून योसेफ तो हात उचलूं लागतो. आणि म्हातारा म्हणतो, मला माहीत आहे, बाळा, मला माहीत आहे.